अवर्ण बिंदू

बी.एस्सी. दुसरं वर्ष, बायोकेमिस्ट्री, विद्यार्थी सात.
सिंदेवाहीत एवढेच मिळाले म्हणून
बॉटनीच्या कपाटांमागची अर्धी खोली आम्हाला:
एक कलरिमीटर, एक सेंट्रिफ्यूज,
जे फिरताना टेबल घेऊन चालू लागतं,
आणि गेडामकाका, जे त्याला गुडघ्यानं रेटून धरतात.

डिसेंबरातला बुधवार. प्रयोग क्रमांक नऊ,
लाळेतलं अमायलेज.
स्टार्चचा डबा दिवाळीतच संपलेला,
नवा कुणाच्या तरी सहीखाली झोपलेला.
गेडामकाकांनी घरून पेज आणली,
नव्या धानाची, फडक्यातून दोनदा गाळून.
'साखर-बिखर टाकली नाई जी,' म्हणाले, 'मीठ बी नाई.'
पिलारे सर म्हणाले, मीठ तर लागतं.
क्लोराइडशिवाय हे एन्झाइम नीट जागं होत नाही.
मी लिहून घेतलं.

लाइट गेली. वॉटर बाथ थंडावला.
मग स्टोव्ह, त्यावर जर्मनचा गंज,
गंजात लोंबकळणारा थर्मामीटर,
आणि काकांना एकच काम:
सदतीसच्या वर गेलं की विसण घालायचं.

'सात जणांच्या सात लाळा नकोत,' सर म्हणाले,
'आकडे जुळत नाहीत.
एकाचीच घ्या, पातळ करा, वाटून घ्या.'

एकाची.
सगळे अचानक खिडकीबाहेर बघायला लागले,
जिथे बघण्यासारखी फक्त प्राचार्यांची स्कूटर.
उष्टं हा शब्द कुणी काढला नाही.
रूपल राखडे माझी हॉस्टेलची पार्टनर.
तीन सेमिस्टर झाली, माझ्या बाटलीतलं पाणी
ती वरूनच पिते, ओठांपासून चार बोटं उंच,
एक थेंब न सांडता.
मला ते कधी जमलं नाही.
विचारलंच तर म्हणेल, घरची सवय गं.

मी कोमट पाण्यानं चूळ भरली.
बीकर हनुवटीशी धरला
आणि गाभुळलेली चिंच आठवली,
शाळेच्या कुंपणाबाहेरची, बोटांना चिकटणारी.
पुरेसं आलं.
पाच मिली. गाळलं, वीसपट पातळ केलं.
सहा पिपेटांनी माझ्या तोंडातलं उचललं.

पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब ओळीनं.
दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यावर.
पहिल्याला निळं, सांडलेल्या शाईसारखं.
दुसऱ्याला निळंच.
तिसऱ्याला वांग्याची साल.
पाचव्याला तांबूस, मग त्याहून फिकं.
रूपल थेंबागणिक खाली वाकत होती,
तिच्या वेणीचं टोक टाइलवर येई
आणि मी ते बाजूला करी.
सातव्या मिनिटाला ती ओरडली, 'गेला! रंग गेला!'
आणि त्या आनंदात तिनं तेच बोट दातांत धरलं
ज्याला नळीतलं लागलं होतं.
तिच्या लक्षात आलं नाही.
किंवा आलं.
मी टाइल पुसत होते.

पुस्तकात त्याला अ‍ॅक्रोमिक पॉइंट म्हणतात.
मी समासात पेन्सिलनं मराठी केलं: अवर्ण बिंदू.
मग तो शब्द बराच वेळ बघत बसले.
खोडरबर रूपलच्या कंपासमध्ये होतं.
मागितलं नाही.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले.
त्यांनी जर्नल चाळलं, नवव्या प्रयोगावर,
समासापाशी थांबले,
मग मागे जाऊन पहिल्या पानावरचं नाव वाचलं:
प्रज्योती रामटेके.
चष्मा काढून पुसला.
'लाळेचा स्रोत लिहिला नाहीत.'
लिहिलाय सर. तिसरी ओळ. मानवी.
'हं. आणि तापमान?'

सदतीस, मी म्हटलं.
लाइट तेव्हाही नव्हती.
मागे गेडामकाका गंजात विसण घालत होते.